बोटीतून उतरून पायी मुंबई: ग्रीन गेट ते गेटवे

मुंबईला क्रूझची बोट लागली की बहुतेक प्रवासी एसी बसमध्ये चढतात. धोबीघाट, मणिभवन, हँगिंग गार्डन, गेटवे अशी फेरी होते आणि दिवसाचा मोठा भाग सिग्नलला उभं राहण्यात जातो. माझी मावशी आणि काका गेली अनेक वर्षं ऑस्ट्रेलियात आहेत. दोघांचीही सत्तरी उलटलेली. त्यांच्या बोटीचा मुंबईत एकच दिवस मुक्काम होता. मावशीने आधीच सांगून टाकलं, "बसबिस काही नको गं. मला चालायचंय. फोर्टातून चालले की माझी मुंबई मला भेटेल." मग कागद, वेळा आणि रस्ता ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी कागदांचं. मावशी-काकांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, असल्याने व्हिसाचा प्रश्न नव्हता. त्यांच्या बोटीवरच्या इतरांनी ई-व्हिसा काढला होता. तो चालणाऱ्या बंदरांमध्ये मुंबई आहे. बाहेर पडताना आणि परत आत जाताना पासपोर्ट, ओसीआय आणि बोटीचं कार्ड ही तिन्ही अस्सल हाताशी लागतात, म्हणून काकांनी गळ्यात अडकवायची छोटी पिशवी घेतली होती. नातेवाइकांना गोदीच्या आत सोडत नाहीत, आणि आतल्या आत पायी फिरूही देत नाहीत. प्रवाशांना बसने गेटपर्यंत आणून सोडतात. बोट पहाटे लागली तरी इमिग्रेशनची रांग संपून माणूस बाहेर दिसेपर्यंत सकाळ बरीच वर येते. म्हणून मी सगळी आखणी बोट लागायच्या वेळेवरून न करता दोघं रस्त्यावर उभी राहतील त्या वेळेवरून केली. भेटायची जागा गेटच्या गर्दीत न ठेवता जरा पुढे, बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर ठेवली. त्यांचे परदेशी फोन चालतील की नाही याचा भरवसा नव्हता.

गोदीच्या या गेटबाहेर, म्हणजे ग्रीन गेटबाहेर, टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो. "गेटवे? धारावी? फुल डे?" हसून नको म्हणायचं आणि चालू लागायचं. कारण खरी गंमत तिथूनच सुरू होते आणि टॅक्सीत बसणाऱ्यांची नेमकी तीच हुकते. बॅलार्ड इस्टेटची जमीन मुळात समुद्र होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती इथे भरावाला वापरली. ज्या गोदीला बोट लागते तिच्याच पोटातल्या मातीवर आपण पहिलं पाऊल टाकतो. १९०८ ते १९१४ या काळात हा भाग उभा राहिला. पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचं नाव त्याला मिळालं आणि आखणी केली जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने. इमारती सारख्या उंचीच्या, दगडी, फार नक्षी नसलेल्या. रस्ते रुंद, झाडांची सावली, फुटपाथ बऱ्यापैकी धड. सत्तरीतल्या माणसांना चालायला दक्षिण मुंबईत याहून चांगली सुरुवात नाही.

काकांना आगगाड्यांचं भारी वेड. इथल्या धक्क्यावर बॅलार्ड पियर मोल नावाचं स्टेशन होतं आणि विलायतेहून आलेला उतारू बोटीतून उतरून थेट फ्रंटियर मेल या आगगाडीत बसायचा, हे त्यांनीच मला सांगितलं. मावशीचं म्हणणं वेगळं. तिच्या लहानपणी बॅलार्ड पियर हे साहेबांचं आणि बॅरिस्टर व्हायला निघालेल्यांचं बंदर. गिरगावातल्या चाळीतली माणसं बोटीने जायची ती भाऊच्या धक्क्यावरून, कोकणात. ट्रंका, वळकट्या आणि वाटेत खायला दशम्या. "या दारातून मी कधी येईन असं आईला वाटलंच नसतं," असं म्हणून ती गोदीच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. मला मनापासून वाटतं, बंदराचं गाव बघायचं तर बंदराची भिंत आधी बघावी. गेटवे कुठे पळून जात नाही.

तिथून शहीद भगतसिंग मार्गावर यायचं.  याच बाजूला टाऊन हॉल, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची पांढरी इमारत. ती १८३३ची. तीस पायऱ्या आहेत. काका पहिल्या पायरीवर बसून राहिले, आम्ही दोघी वर गेलो. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावची मुलगी त्याला नमस्कार केल्याशिवाय थोडीच परत येणार! समोर रस्त्यापलीकडे हॉर्निमन सर्कलची बाग. रस्ता ओलांडणं मात्र सोपं नाही; म्हाताऱ्या माणसांना घेऊन सिग्नललाच थांबावं. बागेत बाकं आहेत, सावली आहे. पहिली विश्रांती तिथे घेतली. बागेला नाव आहे ते बेंजामिन हॉर्निमन या संपादकाचं. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून त्याने सरकारला धारेवर धरलं, म्हणून इंग्रजांनी १९१९मध्ये त्या इंग्रजालाच हद्दपार केलं.

मग सेंट थॉमस कॅथीड्रलवरून वीर नरिमन रोडने हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनपेक्षा मावशीला शेजारचं स्मारक हवं होतं, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वेळी ती शाळेत होती. मोर्चे, संचारबंदी, चाळीच्या जिन्यात दबा धरून बसलेली मोठी मुलं हे सगळं तिला आठवतं. तिथे आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त थांबलो. दिवसाच्या वेळापत्रकात अशी ढिलाई ठेवावीच. माणूस कुठे रेंगाळेल ते आधी कळत नाही.

काळा घोडा भरभर पार केला. पुढच्या वस्तुसंग्रहालयाची इमारतही विटेटचीच. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि लोकांसाठी ती १९२२मध्ये खुली झाली. सगळी दालनं बघायला अर्धा दिवस लागतो. आम्ही तिकीट काढून आत गेलो ते घुमटाखाली थोडं बसायला, पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहासाठी. वयस्क मंडळींसोबत चालताना ही शेवटची गोष्ट सगळ्यात आधी ठरवावी लागते. त्यासाठी तिकिटाचे पैसे मोजले तरी चालतील.

गेटवे १९२४मध्ये पूर्ण झालं. तेही विटेटचं. बॅलार्ड इस्टेट, वस्तुसंग्रहालय, गेटवे, तिन्ही एकाच माणसाच्या हातची. पायी गेल्यावर ते डोळ्यांना जाणवतं, बसच्या खिडकीतून नाही. १९४८च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. आत जाताना पिशव्या तपासतात, गर्दीच्या दिवशी रांग असते. समोरच्या अश्वारूढ शिवरायांपाशी गर्दी कमी होती, फोटो तिथेच काढले. घारापुरीचा मोह एका दिवसाच्या मुक्कामात टाळावा. लाँचला एकेरी तासभर लागतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

परतीला शहीद भगतसिंग मार्ग धरला. सरळ चालत गेलं तर गेटवे ते ग्रीन गेट साधारण दोन किलोमीटर. वाटेत लायन गेट, नौदलाच्या गोदीचं दार. तिथे फोटो काढायचे नाहीत. याच गोदीत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याने सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये आजही तरंगतं आहे. या पट्ट्यात समुद्र का दिसत नाही, असं काकांनी विचारलं. कारण हीच भिंत. या बाजूला फुटपाथ मध्येच खचलेला, मध्येच गाड्यांनी अडवलेला आहे. पाय थकले असतील तर गेटवेजवळून सरळ काळी-पिवळी करावी.

जेवण मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात. १९२३पासूनचं इराणी-पारशी खाणं. बेरी पुलाव, सल्ली बोटी, वर कॅरॅमल कस्टर्ड. बोटीचं गेट इतकं जवळ की घड्याळाकडे न बघता जेवता येतं. फक्त ते दुपारीच उघडं असतं, तेव्हा गेटवेला फार रमू नये.

बोट सुटायच्या किती आधी चढायचं ते बोटीवर सांगतात, पण गेटची तपासणी, बस आणि पुन्हा इमिग्रेशन यांत वेळ जातो. आम्ही त्याच्या तासभर आधी गेटशी होतो. बोट रविवारी लागणार असेल तर रस्ते रिकामे मिळतील, बॅलार्ड इस्टेट निवांत बघता येईल. पण ब्रिटानिया बंद असेल. त्या दिवशी जेवण कुलाब्यातच उरकून निघावं.