अलामो १:७२ – कुबड उडालं, भिंत वाकली

कुबड उडालं एकदाचं! टेक्सासमधल्या अलामोच्या चर्चचं १:७२ मॉडेल करतोय, त्याच्या दर्शनी भिंतीवरचं. "राहू दे की, लोक अलामो त्यावरूनच ओळखतात" असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, पण मला ते पटेना. दर्शनी भिंतीवरचा तो घाटदार उंचवटा अमेरिकन लष्कराने १८५० मध्ये बांधला, पडक्या चर्चवर छप्पर घालून कोठार केलं तेव्हा. मार्च १८३६ च्या वेढ्यात मेक्सिकन सैन्याविरुद्ध अलामो लढवणाऱ्या क्रॉकेट, बोवी आणि ट्रॅव्हिस यांच्यापैकी कुणीही तो पाहिलेला नाही. माझ्या लेझर-कट किटमध्ये तो आहेच, शिवाय लष्कराने नव्याने काढलेल्या वरच्या दोन खिडक्याही आहेत. खिडक्या बुजवल्या, उंचवटा फ्रेट-सॉने कापला आणि वरची कड मुद्दाम ओबडधोबड ठेवली.

आता खरी भानगड. वेढ्याच्या वेळी चर्चला छप्पर नव्हतं, म्हणजे मॉडेल वरून सताड उघडं राहणार. खरी भिंत साधारण चार फूट जाड, म्हणजे आपल्या स्केलला १७ मिमी. किटचा एमडीएफ (लाकडी भुशाची दाबलेली फळी) ३ मिमी. समोरून ठीक दिसतं, पण वरून बघितलं की लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उभा केल्यासारखं वाटतं. म्हणून आतल्या बाजूने एक्सपीएस फोम चिकटवून जाडी भरायला घेतली. पांढरा गोंद लावला, वजन ठेवलं, आणि दोन दिवसांनी बघतो तर उत्तरेकडची लांब भिंत केळ्यासारखी वाकलेली! एका बाजूने एमडीएफ पाणी पितो, दुसरी बाजू कोरडी, त्यात आपला पावसाळा. सरळ करायला क्लॅम्प लावले तर फोमवर खळगे पडले. पाण्याचा गोंद नको म्हणून ज्या दुकानात कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह मागितलं, तिथे "फोमला चालतं साहेब, बिनधास्त लावा" म्हणून दिलं. नशीब, आधी तुकड्यावर लावून बघितलं. तुकडा डोळ्यांदेखत विरघळला.

शेवटी उपाय सापडला बोहरी आळीत, तोही जुनाच: चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे. स्पिरिटमध्ये विरघळवून एमडीएफला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या कडांना दोन-दोन हात दिले. पूर्ण वाळल्यावरच फोम, तोही गोंदाच्या पातळ थराने, आणि दोन्ही भिंती पाठीला पाठ लावून काचेच्या दोन तावदानांमध्ये दाबून ठेवल्या. वाकडी भिंत टाकून नवी कापली. ती आज सुतासारखी सरळ आहे. महागड्या सीलरच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. मूठभर चपडी पुरते.

भिंत जाड झाली तशी आतली जागा आक्रसली आणि उतरण बसेना. जनरल कोसच्या मेक्सिकन सैनिकांनी १८३५ मध्ये चर्चमधल्या पडझडीच्या दगडमातीचीच भर घालून दारापासून मागच्या टोकापर्यंत चढ केला होता, तिथे तोफा चढवायला. मॉडेलची तोफ त्यावर ठेवली की घरंगळून दाराशी येते. माणसांनी दोर लावून खेचलेली तोफ आहे, तेव्हा चढ बेताचाच हवा. सध्या मागचा मंच थोडा खाली आणलाय आणि चढ दाराच्या अगदी उंबऱ्यापासून सुरू केलाय. भर म्हणून फुटलेल्या प्लास्टरच्या साच्यांचा चुरा, विटेची पूड आणि चाळलेली माती.

या सगळ्या वैतागात एक गोष्ट मात्र फक्कड जमली. दाराशेजारचे पीळदार खांब किटमध्ये नुसते कोरलेल्या रेघांचे होते. तुळशीबागेतून दागिन्यांची तांब्याची तार आणली, दोन पदर हातड्रिलमध्ये धरून पिळले, वर पातळ पुट्टी फिरवली. पीळ इतका सुरेख उठलाय की रंग द्यायला हात धजत नाही. कमानीच्या चावीच्या दगडावरचं १७५८ हे साल ब्रशने जमलं नाही, सुईच्या टोकाने कोरलं.

आता सैनिक. मेक्सिकन पायदळाच्या हातात ब्रिटिशांनी विकून टाकलेल्या जुन्या 'इंडिया पॅटर्न' ब्राउन बेस बंदुका होत्या. म्हणजे कंपनी सरकारच्या शिपायांच्या हातात असायची तीच. माझ्या कोरेगावच्या अर्धवट प्रोजेक्टमधले उरलेले हात आणि बंदुका इथे बिनदिक्कत वापरल्या.

क्रॉकेटचं काय करायचं? सेटमधला क्रॉकेट रॅकूनची टोपी घालून, नळी धरून बंदूक गरगर फिरवणारा. प्रत्यक्षात तो ४९ वर्षांचा, टेनेसीतून अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेला आणि १८३५ मध्ये हरलेला राजकारणी. तो लढता लढता पडला की पकडून मारला गेला यावर अजून भांडणं चालतात. दे ला पेन्या या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या नावावरच्या लिखाणात दुसरी बाजू आहे. मी बंदूक खांद्याला लावून चर्च आणि बुटक्या बराकीमधल्या लाकडी कुंपणापाशी उभा करतोय. ती जागा त्याच्या माणसांकडे होती. बोवीबद्दल मला फारसं प्रेम नाही; त्याच्या नावाच्या 'बोवी नाइफ' सुरीच्या आख्यायिकेमागे गुलामांचा व्यापार आणि जमिनींची दलाली आहे. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती, हे या स्वातंत्र्ययुद्धाच्या शौर्यकथा सांगताना हळूच वगळलं जातं. म्हणूनच ट्रॅव्हिसशेजारी त्याचा 'जो' नावाचा गुलाम हवाच. तो वाचला, आणि ट्रॅव्हिस उत्तरेच्या भिंतीवर कसा पडला हे त्याच्याच तोंडून कळलं. कुठल्याच सेटमध्ये तो नाही, कापाकापी करून बनवावा लागेल.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: ६ मार्चची, शेवटच्या हल्ल्याची पहाट कशाला? शेकडो मेक्सिकन सैनिक रंगवायचे, आणि हल्ल्याचा मुख्य भाग तर उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे माझ्या बेसच्या बाहेर. त्यापेक्षा १ मार्च घेऊ! गोन्झालेसहून ३२ माणसं वेढा भेदून पहाटेच्या अंधारात आत आली तो क्षण. ३२ आकृत्या, सगळ्या साध्या कपड्यांत, बटणं-पट्टे रंगवायची कटकट नाही. चर्चमधल्या तोफेपाशी ग्रेगोरिओ एस्पार्झा, खाली त्याची बायको आना आणि मुलं. त्याचा भाऊ फ्रान्सिस्को मेक्सिकन बाजूने. नंतर त्यालाच ग्रेगोरिओला पुरायची परवानगी मिळाली, बाकीच्यांची प्रेतं जाळली.

यासाठी बेस पश्चिमेला वाढवून बुटकी बराक आणि मुख्य दरवाजा घ्यावा लागेल. आजारी बोवीची खोलीही मग तिथेच, एक झरोका ठेवला की झालं. नैऋत्य कोपऱ्यातल्या १८ पौंडी तोफेचा मोह आवरतोय, कारण तिथवर गेलो तर बेस खोलीच्या दारातून बाहेर निघणार नाही. दरवाजाबाहेरच्या अर्धगोल मोर्चाची मापं मात्र पक्की व्हायची आहेत. अलामोतला इंजिनिअर जेम्सन याच्या आराखड्यावरून कुणी तो १:७२ ला उतरवला असेल तर रुंदी कळवा, पुढच्या आठवड्यात नवा एमडीएफ कापायचाय. आणि हो, चपडी आधी.