पडलेलं पानही नाही

मॉफलांगच्या देवराईत शिरण्याआधीच गाइडनं बजावलं, आतून काही न्यायचं नाही. बी नाही, काटकी नाही, वाळकं पान नाही.

‘गळून पडलेलं असलं तरी?’

‘पडलेलंही जंगलाचंच.’

शिलाँगपासून हे गाव 25 किलोमीटरवर. बाहेर उघडा माळ नि भणाणता वारा. फांद्यांखालून वाकून दोन पावलं आत गेलं की वारा थांबतो, उजेड हिरवट होतो. खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे, वर कुठेतरी ऑर्किड. आडव्या पडलेल्या एका खोडावर सहज बोट टेकवलं, तर पहिलं पेर आतच गेलं. आत ओलसर, गार भुगा आणि त्यातून उगवलेलं दोन पानांचं रोप.

इथला राखणदार लबासा. तो बिबट्याच्या रूपात दिसला तर शुभ, सापाच्या रूपात दिसला तर नाही. हे ऐकून पाचच मिनिटं झाली असतील, मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटून मानेवर काटा आला. अंतर्ज्ञानावर टिपणं काढत हिंडणाऱ्या माझ्यासारखीला अशा शिरशिरीचा मोह फार. पण गोष्ट नुकतीच ऐकली होती, हेही खरं. वहीत दोन्ही लिहून ठेवलं.

पुढे दगड लागले. इथले खासी लोक उभा दगड पुरुषांचा मानतात, आडवा बायकांचा. जुन्या रीतीत दहनानंतर अस्थी कुळाच्या सामाईक दगडी कोठीत ठेवत. कूळ आईकडून चालतं, म्हणजे जन्मभर एका घरात नांदलेल्या नवरा-बायकोच्या अस्थी शेवटी आपापल्या आईच्या कुळात परत. वेल्श मिशनरी 1841 मध्ये चेरापुंजीला आले. आज बहुसंख्य खासी ख्रिस्ती आहेत आणि दफन करतात.

मागच्या वर्षी आईच्या अस्थी मी नदीत सोडल्या. गुरुजींनी मागे वळून बघू नका म्हटलं, मी बघितलं नाही. इथे त्या आडव्या दगडापाशी मात्र बराच वेळ रेंगाळले. गाइडनं घाई केली नाही.

(जंगलातून काही न्यायचं नाही; जंगलातल्या जळवेनं मात्र पोटरीतून हवं तेवढं नेलं.)

बाहेर पडताना तो एका पायावर उभा राहिला आणि बुटाचा तळवा निरखू लागला. मीही पाय उचलला. टाचेला एक ओलं पान चिकटलेलं. त्यानं ते नखानं सोडवलं, दोन पावलं मागे गेला आणि सावलीत ठेवून आला.