आमची वाटचाल : उद्यमनगरच्या ट्रॉलीपासून काजळी नसलेल्या अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगपर्यंत

वडिलांचं दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. उसाच्या ट्रॉल्या, गेट, शेडचे ट्रस, म्हणजे सगळं लोखंडाचं काम. मी हाताशी आलो तेव्हा सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आडोशात वायर वितळवून जोडणारं वेल्डिंग मशीन) नुकतंच घेतलं होतं आणि त्यावर हात बसलेले दोन वेल्डर होते, ते आजही आमच्याकडेच आहेत. पुढे जागा पुरेना म्हणून गोकुळ शिरगावला शेड घेतलं आणि तिथं एका गिऱ्हाइकानं विचारलं की अ‍ॅल्युमिनियमचे मेंटेनन्स प्लॅटफॉर्म आणि शिड्या कराल का, वजनाला हलक्या पाहिजेत. आम्ही हो म्हणालो.

टाके (वेल्डिंगचे जोड) मजबूत बसले, पण दोन्ही बाजूंनी काळी काजळी, हात लावला की बोटं काळी. वेल्डर आणि हेल्पर मिळून फडक्यानं पुसत बसायचे, वेल्डिंगपेक्षा पुसायलाच जास्त वेळ जायचा. शिवाय ती गार होऊन बसली की निघत नाही, मग ब्रश, मग फ्लॅप डिस्क (ग्राइंडरवरची घासायची चकती), आणि डिस्क फिरली की टाक्याचा गळा, म्हणजे जाडी, बारीक होतो. पावडर कोटिंगवाल्यानं तर सरळ सांगितलं, "दादा, याच्यावर पावडर धरत नाही, कोपऱ्यात राहिलेल्या काजळीवरनं पापुद्रा सुटतोय." तेव्हा मी ठरवलं की पुसायचा खर्च धरून रेट काढायचा नाही, काजळी येते कुठून ते शोधायचं.

काळी दिसते म्हणून तिला धूर किंवा कार्बन समजतात, पण माल स्वच्छ असेल तर ती बहुतेक धातूचीच असते. आर्कच्या, म्हणजे वायर आणि जॉबमधल्या विजेच्या ठिणगीच्या, उष्णतेनं वायरमधलं थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम वाफ होतं, ती वाफ टाक्याला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसच्या छत्रीबाहेर गेली की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून बारीक ऑक्साईड होऊन शेजारी बसते. मॅग्नेशियम साधारण 1,090 अंशाला उकळतं आणि अ‍ॅल्युमिनियम 2,400 च्याही वर, त्यामुळे 5356 वायर, जिच्यात 5 टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं, ती 4043 पेक्षा जास्त काजळी देणारच (हे दोन्ही अ‍ॅल्युमिनियम वायरच्या मिश्रधातूंचे नंबर). 4043 मध्ये मॅग्नेशियमऐवजी 5 टक्के सिलिकॉन, टाका जास्त चकचकीत येतो. मग सगळं 4043 नं का करत नाही असं लोक विचारतात. 5356 चा टाका ताकदीला आणि लवचिकपणाला चांगला, आणि अ‍ॅनोडायझिंग (विजेनं पृष्ठभागावर ऑक्साईडचा थर चढवणं) करायचं असेल तर 4043 चा टाका राखाडी काळपट पडतो, जॉबच्या रंगाशी जुळत नाही. उलट जॉब सतत 65 अंशांच्या वर तापणार असेल तर 5356 टाळतो. गिऱ्हाइकाला आधी हेच विचारतो की जॉब पुढं कुठं जाणार, पावडरला, अ‍ॅनोडायझिंगला की तसाच.

आमच्याकडं सगळ्यात मोठा फरक टॉर्चच्या, म्हणजे वायर आणि गॅस सोडणाऱ्या वेल्डिंग गनच्या, दिशेनं पडला. आमचे दोघे लोखंडावर टॉर्च ओढत न्यायच्या सवयीचे, आणि अ‍ॅल्युमिनियमला ओढलं की गॅस मागं राहतो, वाफ पुढच्या उघड्या पत्र्यावर जाते आणि टाका काळा पडतो. टॉर्च ढकलत न्यायची, 10 ते 15 अंश कलती ठेवून, म्हणजे गॅस पुढं धावतो आणि आर्क पुढच्या पत्र्यावरचा ऑक्साईडही साफ करत जातो, टाक्याच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो तो त्याचाच. सांगायला सोपं आहे पण वर्षानुवर्षांची सवय हातातनं जायला वेळ लागतो, आमच्या काकांनी (वयानं मोठे वेल्डर, सगळे त्यांना काकाच म्हणतात) भंगारातल्या 6063 या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांवर रोज जेवणानंतर सराव केला आणि आता तेच नवीन पोरांना शिकवतात.

दुसरी गोष्ट आर्कची लांबी. व्होल्टेज जास्त ठेवलं की आर्क लांब होतो, आवाज छान सलग येतो म्हणून वेल्डरला बरं वाटतं, पण काजळी वाढते. आम्ही वायर स्पीड ठरवून व्होल्टेज थोडं थोडं खाली आणतो, बारीक तडतड सुरू होईल तिथपर्यंत, आणि मग किंचित वर. 1.2 मिमी वायरला स्प्रे, म्हणजे वायरचे बारीक थेंब सलग सुटणं, मिळायला साधारण 135 अँपिअर लागतात, त्याच्या खाली चालवलं तर थेंब मोठे पडतात आणि शिंतोडे उडतात. पातळ पत्र्याला म्हणूनच पल्स मशीन (करंट झटक्याझटक्यानं कमी-जास्त करणारं) घेतलं, सरासरी करंट कमी ठेवूनही थेंब नीट सुटतो.

गॅस प्युअर आर्गॉनच, सीओटूचा अंशही नको. आमच्या शेडमध्ये लोखंडासाठी मिक्स गॅस आहे म्हणून दोन्ही लाईन वेगळ्या ठेवल्यात, पाईपचे रंगसुद्धा वेगळे. फ्लो मिनिटाला 15 ते 20 लिटर, जास्त सोडला तर जास्त चांगलं असं नाही, गॅस घुसळतो आणि हवा आत ओढतो. नोझल जॉबपासून 15 ते 20 मिमीवर. पंखा वेल्डरच्या पाठीमागून कधीच नाही, उन्हाळ्यात पोरं कुरकुरतात पण हा नियम मोडत नाही.

माल साफ करताना क्रम महत्त्वाचा आहे, आधी अ‍ॅसिटोननं तेल काढायचं, ते पूर्ण उडू द्यायचं, मग स्टेनलेसचा ब्रश, आणि तो ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमचाच. उलटं केलं तर तेल ब्रशनं घासून आत भरतं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं पण त्यावरचा ऑक्साईड 2,000 च्या पुढं, म्हणून तो आधी काढावाच लागतो. कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे हवेत ओल, वायरचं स्पूल उघडं ठेवलं की टाक्यात पोरोसिटी, म्हणजे बारीक छिद्रं, आलीच समजा, त्यामुळं संध्याकाळी स्पूल मशीनवरनं काढून बंद कपाटात जातं. रोलर यू खाचेचे, लायनर (वायर जाते ती टॉर्चमधली नळी) टेफ्लॉनचा, नाहीतर मऊ वायर चेपते, अडखळते आणि आर्क लांब-आखूड होत राहतो, म्हणजे परत काजळी.

आता 5356 ला टाक्याच्या कडेला हलकी राखाडी छटा येते, तेवढी येणारच आणि कोमट असताना कोरड्या फडक्याच्या एका हातात निघते. जॉब काळा निघाला तर काका आधी डाग कुठं आहे ते बघतात, एकाच बाजूला असेल तर टॉर्चचा कल, सगळीकडं असेल तर गॅस किंवा आर्कची लांबी, फक्त शेवटाला असेल तर वेल्डरनं टॉर्च लवकर उचलली आणि पोस्ट फ्लो (आर्क बंद झाल्यावर थोडा वेळ सुटत राहणारा गॅस) संपायची वाट बघितली नाही. सध्या 5083 या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड प्लेटचं काम सुरू केलंय, त्यातही मॅग्नेशियम बऱ्यापैकी असल्यानं परत सेटिंग बसवणं चाललंय. ज्यांना आपला जॉब काळा येतोय त्यांनी तुकडा घेऊन शेडवर या, आमच्या मशीनवर चालवून बघू.