जोडीदाराचे काम आपल्या मनात कितपत उतरते?

दोन माणसे मिळून एखादे काम करू लागली की प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याच्या कामाचेही चित्र आपोआप तयार होते, असे आपण सहज धरून चालतो. ते चित्र कितपत तपशिलाचे असते, यावर मात्र मानसशास्त्रज्ञांमध्ये बराच वाद आहे, आणि त्या वादाला तोंड फोडणारा प्रयोग अगदी साधा होता.

नताली सेबान्झ, ग्युंटर क्नोब्लिख आणि वोल्फगांग प्रिन्झ या तिघांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. पडद्यावर एका हाताचे छायाचित्र दिसते. तर्जनीत लाल किंवा हिरवी अंगठी असते. अंगठी एका रंगाची असेल तर डावे बटण दाबायचे, दुसऱ्या रंगाची असेल तर उजवे. बोट कोणत्या दिशेला रोखलेले आहे याच्याशी कामाचा काहीही संबंध नसतो. तरीही बोट डावीकडे आणि दाबायचे बटण उजवीकडे असले की माणूस किंचित अडखळतो, त्याचे उत्तर काही क्षणांशांनी उशिरा येते. दिशेमुळे होणारी अशी गफलत १९६० च्या दशकापासून ठाऊक होती. मग त्याच माणसाला एकच रंग आणि एकच बटण दिले, दुसऱ्या रंगाला काहीच करायचे नाही असे सांगितले, तेव्हा हा अडथळा नाहीसा झाला. आणि शेजारी दुसरा माणूस बसवून उरलेला रंग व उरलेले बटण त्याच्याकडे सोपवताच तो पुन्हा दिसू लागला. पहिल्या माणसाचे काम तसूभरही बदललेले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की उरलेले अर्धे काम आता कोणाचे तरी होते. शेजाऱ्याचे काम जणू आपलेच असल्यासारखे मनात मांडले जाते, असा अर्थ या संशोधकांनी लावला.

हा अर्थ अनेकांना पटला, कारण तो ऐकायला फार गोड आहे. पण पुढे थॉमस डोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या माणसाच्या जागी पंजा हलवणारे जपानी मांजर ठेवले, म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर दिसते तसले खेळणे, आणि तरीही तोच परिणाम मिळाला. लक्ष वेधून घेणारी कोणतीही गोष्ट शेजारी असली की आपण आपले बटण तिच्या संदर्भाने ‘डावे’ किंवा ‘उजवे’ ठरवतो, एवढेच यातून सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे. डोरिट वेंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मधला मार्ग सुचवला: माणूस जोडीदाराची कृती मनात मांडत नाही, तर आता काम करण्याची पाळी आपली की त्याची, एवढेच मांडतो. मला हीच बाजू सर्वांत भक्कम वाटते, आणि घरातल्या अनुभवाशीही तीच जुळते. भांडी आज कोणी घासायची हे घरात सर्वांना ठाऊक असते; ती घासायला किती वेळ लागला, हे सहसा घासणाऱ्यालाच ठाऊक असते.

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली पतिपत्नींना निरनिराळ्या घरकामांतला स्वतःचा वाटा किती, असे वेगवेगळे विचारले. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेकदा पूर्णाच्या वर गेली. हा निव्वळ आत्मगौरव म्हणावा, तर भांडण उकरून काढण्यासारख्या अप्रिय गोष्टींतही माणसे स्वतःचा वाटा फुगवूनच सांगत होती. स्वतःची कृती चटकन आठवते आणि जोडीदाराची आठवत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण.

पाळी जाणणे आणि काम जाणणे यांतला फरक आपल्याकडच्या मैफलीत स्वच्छ दिसतो. स्वतंत्र तबलावादनात संवादिनीवादक लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात बसणारी एकच सुरावट पुन्हा पुन्हा, धरून बसतो. तबलजी कोणता कायदा, म्हणजे बोलांची कोणती रचना, उलगडतो आहे याचा अंदाज त्याला नसला तरी चालते, आवर्तन ढळले नाही आणि सम जागेवर राहिली की त्याचे कर्तव्य पूर्ण होते. तोच वादक ख्यालाच्या साथीला बसला की गायकाची आलापी कुठे वळते आहे हे त्याला गायकाच्या जेमतेम मागे राहून ओळखावे लागते, आणि त्यासाठी तो राग त्याच्या स्वतःच्या बोटांत असावा लागतो. (लेहरा धरणे सोपे असते असे मात्र कोणी समजू नये.) पीटर केलर, क्नोब्लिख आणि ब्रूनो रेप यांनी २००७ साली पियानोवादकांवर केलेला प्रयोग याच दिशेचा आहे. युगलरचनेचा एक भाग ध्वनिमुद्रणातून ऐकू येत असताना दुसरा भाग वाजवायचा होता, आणि ते ध्वनिमुद्रण स्वतःचेच असले तर मेळ अधिक नेमका साधत असे. जोडीदाराच्या कृतीचा अंदाज आपण बऱ्याच अंशी स्वतः ती कशी केली असती यावरून बांधतो, असे यावरून दिसते. ज्याने कधी पोळ्या लाटल्याच नाहीत त्याला लाटणारीचा हात केव्हा भरून येतो हे कळावे कशावरून?

डॅनियल वेग्नर यांचे काम मात्र वेगळ्या अंगाने जाते. काय लक्षात ठेवायचे याची वाटणी जोडपी नकळत करून टाकतात: विम्याचा हप्ता एकाच्या ध्यानात, नातेवाइकांचे वाढदिवस दुसऱ्याच्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही महिने एकत्र असलेली जोडपी आणि अनोळखी व्यक्तींच्या जोड्या यांना माहिती पाठ करायला दिली. जोडप्यांना मोकळे सोडले तेव्हा त्यांना अनोळखी जोड्यांपेक्षा अधिक आठवले. पण कोणी काय लक्षात ठेवायचे हे संशोधकांनीच ठरवून दिले, तेव्हा ती मागे पडली. घरकामाचे तक्ते करून ते फ्रिजवर लावण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. अव्यक्त वाटणी न्याय्य असतेच असे नाही, त्यामुळे तो सल्ला मी मोडीत काढणार नाही. मात्र तक्त्यातून कळते ती पुन्हा पाळीच. आठवडाभर कामांची अदलाबदल करून पाहिल्यास तक्त्यापेक्षा अधिक काही हाती लागेल, असे मला वाटते.