कापूसच आहे ना तो

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. झोप येणार नाही हे माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

आज चिरंजिवांना कापसाच्या एका बोळ्यावरून इतकं बोलले की हे टीव्हीचा आवाज बंद करून बाहेर आले. एरवी स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी कोसळली तरी यांना ऐकू येत नाही. झालं काय, तर त्याची अक्कलदाढ येतेय. दोन दिवस गाल धरून फिरत होता. (मलाही उजवीकडून चावता येत नाहीये, पण ते राहू दे.) संध्याकाळी त्याने लवंगेचं तेल शोधून काढलं, कापूस काही सापडेना, म्हणून देवघराखालचा खण उघडला आणि तिथल्या पुडीतल्या तीन वाती घेतल्या. उकलल्या, बोळा केला, तेलात बुडवला, दाढेखाली धरला. मी भाजी घेऊन आले तेव्हा तो बोळा बेसिनच्या कडेवर पडला होता. तपकिरी, चावलेला, दातांच्या खुणांसकट.

"कुठला कापूस घेतलास?"

"खणातला."

"त्या वाती होत्या."

"अगं आई, कापूसच आहे ना तो."

त्या 'च'वर माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आजीची तुला किंमत नाही, इथपर्यंत गेले. वास्तविक आजीचं आणि त्याचं माझ्यापेक्षा बरं जमायचं. तो काही बोलला नाही. उलट बोलला असता तर बरं झालं असतं. सुजलेला गाल घेऊन आत गेला आणि मी पुडी घेऊन स्वयंपाकघरात खालीच बसले. वाती मोजल्या. चोवीस होत्या, एकवीस राहिल्या.

शेवटची पुडी आहे ही.

आई गेल्यावर समया दादाने नेल्या. त्याचं देवघर मोठं, तिथेच त्या शोभणार, हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, म्हणजे पटलं असं म्हणाले. ताईकडे गोधडी गेली. तिच्यात आईची दोन नऊवारी आहेत आणि मधल्या चौकोनात बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचा तुकडा. ताई ती पांघरत नाही, डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवलीय, आणखी पन्नास वर्षं तिला काही होणार नाही. आणि मला काय, तर वातींचा डबा. राहणाऱ्या वस्तू त्यांना आणि जळणारी मला. ताईला मनात आलं की टाक्यांवरून हात फिरवता येतो. माझ्या वाट्याचं दर सणाला कमी होतं. लावली तर संपते, न लावावी तर वात कशाला म्हणायची तिला? तीन वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आलेय, आणि दर वेळी सांगून झाल्यावर घसा दाटून येतो.

खरं म्हणजे तो डबा मला कुणी दिला नव्हता. मीच उचलला, कुणी काही विचारायच्या आत. समयांचं नाव काढायचा धीर झाला नाही, मग निदान हा. वहिनी म्हणाली होती, "वन्सं, तुम्ही कुठे नेताय ओझं, मी नवरात्रात वापरून टाकते." वापरून टाकते! मी डबा पिशवीत घातला आणि पिशवी मांडीवर धरून पुण्यापर्यंत आले.

अकरा पुड्या होत्या. कालनिर्णयच्या पानांत बांधलेल्या, वरून पांढरा दोरा. आमच्याकडे कालनिर्णय पहिल्या वर्षापासून, म्हणजे १९७३ पासून लागतं, हे आई पाहुण्यांना अशा सुरात सांगायची की जणू तिनेच ते सुरू केलं. महिना सरला की मागचा लेख वाचून घ्यायची आणि पान पुडीसाठी ठेवायची. प्रत्येक पुडीवर बॉलपेनने लिहिलेलं: गौरी. नवरात्र. दिवाळी, फुलवाती. एकीवर 'पाहुणे आले तर'. ही शेवटची ऑक्टोबर २०१८च्या पानाची आहे. १०च्या चौकोनात 'घट बसले', पुढे कुठेतरी 'दूध दीड लि.', २३ला 'गॅस लावला'. आणि चार चौकोनांत नुसतं 'फोन'. कुणाचा ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज नव्हती. दादा तर तिथेच राहायचा आणि ताई दर रविवारी स्वतः यायची. एकतीस दिवसांत चार.

असो.

कापूस कधी विकतचा नसायचा. गावी परसात विहिरीपाशी देवकापसाचं झाड होतं. शेतातल्या कपाशीसारखं ते दरवर्षी पेरायचं-उपटायचं नाही. वर्षानुवर्षं उभंच, माणसाच्या डोक्यावर गेलेलं. बोंडं फुटली की आई ओच्यातून घेऊन यायची. सरकी बोटांनी काढायची, कापूस बोटांनीच पिंजायचा. दुपारची जेवणं होऊन ओटा पुसला की ती माजघराच्या दाराशी बसणार, पुढ्यात ताटलीत कापूस आणि वाटीत चुलीतली चाळलेली राख. राखेला बोट टेकवलं की कापूस हातावर घसरत नाही. डाव्या तळव्यावर कापसाची पातळ पट्टी, उजवा तळवा त्यावरून एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा टोक. बस, तीनदाच. चौथ्यांदा हात फिरवावा लागला तर ती वात बाजूला, घरच्या वापराला. नवरात्रातल्या अखंड दिव्याची लांब वात मांडीवर वळायची. फुलवातींना राख चालत नसे, त्यांच्या टोकाला दुधाचं बोट.

लहानपणी मला त्या ताटलीचा राग यायचा. शाळेतलं काही सांगायला जावं तर तिची नजर कापसावर. बाबा गेले त्या वर्षी तिने किती वाती वळल्या त्याला गणतीच नाही. शेजारपाजारच्या सगळ्या घरांना वर्षभर पुरल्या.

गेल्या आठवड्यात दिव्यांची अवस झाली. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून गटारीचे विनोद. मी दिवे घासले, पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले, आणि वाती घातल्या त्या दुकानातल्या. यंत्रावरच्या, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. त्या तेल पीतच नाहीत, टोक आधी जळतं आणि नुसती काजळी धरते. खणात हात घातला तेव्हा आईची पुडी लागली होती बोटांना. मागे सारली. दिव्यांच्या दिवशी जिच्या वाती तिच्याच नावाने लपवून ठेवल्या, आणि आठ दिवसांत पोराने त्या दाढेखाली घातल्या. यावर कुणी हसलं तर मी काय बोलणार?

एकदा आई पुण्याला आली होती तेव्हा तिला बाजीराव रोडच्या केळकर संग्रहालयात नेलं होतं. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि १९७५मध्ये सरकारच्या हवाली केल्या. मला वाटलं, आई अडकित्ते बघून खूश होईल. ती दिव्यांपाशीच अडकली. लामणदिवे, समया, हातात धरायचे, भिंतीला टांगायचे. एकेक वाकून बघितला. मग तिथल्या माणसाला विचारते, "आणि यांच्या वाती हो?"

तो हसला. "आजी, वाती कशा राहतील?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि चालायला लागली.

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिला काय म्हणायचं होतं ते विचारलं नाही. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेना आणि मी तिच्यावरच चिडले, ते मात्र लख्ख आठवतंय.

तर एकवीस. अडचण अशी की वात एकटी लावत नाहीत, दोन एकत्र करून लावायची, जोडवात. एकेरी कधी लावतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आईच्या पुडीत कायम जोडीचा आकडा. आता एक जास्तीची. दहा जोड्या बाजूला ठेवल्या आणि ती एक हातात घेऊन बसले. मनात आलं, वळायला शिकू या. पन्नाशी उलटली, आता नाही तर कधी? घरात कापूस नाही हे तर संध्याकाळीच सिद्ध झालं होतं. मग तीच उकलून बघायची ठरवली, आत कशी आहे.

सहज सुटेना. उलटा पीळ दिला तर काही होईना, सुलटा दिला तर आणखी घट्ट. शेवटी चष्मा लावला आणि टोक नखाने सोडवलं. आत कापसाची पट्टी, तिला मधोमध एक घडी, घडीच्या आत राखेची करडी रेघ. आणि एका कडेला सरकीचा काळा कण, मोहरीच्या अर्ध्याएवढा. आईच्या नजरेतून सरकी सुटलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तांदूळ निवडताना दुसऱ्याच्या ताटातला खडा लांबून दाखवायची ती. मग पुडीवरची तारीख पुन्हा बघितली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झालं. म्हणजे तिला दिसत नव्हतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या वाती तरी एका मापाच्या.

आमच्यात कुणी काही सांगतच नाही.

मग मी ती परत वळायला घेतली. राख कुठून आणणार, उदबत्तीची घेतली. पहिल्यांदा पोटाशी फुगली, दोन्हीकडे केस. दुसऱ्यांदा अळी. तिसऱ्यांदा टोक काढायला गेले तर टोकच हातात आलं. सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत कापूस पार काळवंडला आणि त्याला उदबत्तीचा मोगरा लागला. आई असती तर म्हणाली असती, वात वळतेयस की शेव पाडतेयस? एकटीच हसले, तेही दबून, आत दोघं झोपलेत म्हणून.

त्याने तीन बिघडवल्या, मी एक. त्याची निदान दाढ तरी दुखत होती.

आणखी एक लिहून टाकते, नाहीतर झोप येणार नाही. माझी दाढ दुखायची तेव्हा आई त्याच ताटलीतला कापूस घ्यायची. लवंगेच्या तेलाची बाटली राखेच्या वाटीजवळच असायची, फडताळात. कितीदा तर वळलेली वात उचलून चिमटीत चुरगाळायची आणि म्हणायची, "आ कर." रागाच्या भरात हे आठवलं नाही, असं मी लिहिणार होते. पण आठवलं होतं. त्याला बोलत होते तेव्हाच, मधेच, आठवलं होतं. तरी बोलत राहिले.

बाटली ओट्यावरच होती, झाकण उघडं टाकलेलं. त्यासाठी त्याला सकाळी बोलणार आहे. ती काळवंडलेली पट्टी तीनदा दुमडली, तेलात बुडवली आणि उजवीकडे मागे दाबून धरली. ही दाढ उन्हाळ्यापासून ठणकतेय. आता निम्मी जीभ बधिर झालीय आणि तोंडभर लवंग, खाली थोडासा मोगरा.

हे आत्ता पाणी प्यायला उठले होते. "अजून जागीच?" म्हणाले. मग फ्रिजकडे बोट दाखवलं. "वर कापसाचा रोल ठेवलाय. मघाशीच आणला खालून, तुम्हा दोघांचं चाललं होतं तेव्हा."

तोंडात बोळा. मी नुसती मान हलवली.