आमची वाटचाल : कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

जावा-यझदी मोटारसायकली बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला आणि त्याच सुमाराला नाशिकच्या सातपूरला आमच्या गॅरेजची पाटी लागली. ओळखीचे लोक म्हणायचे, कंपनीच बसली, आता यझदी उघडून खाणार काय, हिरो होंडाचं काम शिका. आम्ही ऐकलं नाही. दिंडोरी-निफाडकडच्या दूधवाल्यांच्या राजदूत 175, एकलहरे वीज केंद्रातल्या आणि नाशिकरोडच्या प्रेसमधल्या कामगारांच्या यझदी, देवळाली कॅम्पातल्या बुलेट यांवर दुकान चाललं, आणि चांगलं चाललं. पुढे याच गाड्यांना लोक व्हिंटेज म्हणायला लागले. गोठ्यात, गच्चीखाली पडलेल्या गाड्या टेम्पोतून यायला लागल्या. काम तेच राहिलं, गिऱ्हाईक बदललं.

वाक्य मात्र कुणाचंच बदललेलं नाही : "बाकी गाडी ओके आहे, फक्त कार्बोरेटरचं बघा."

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. आमच्याकडे तो सगळ्यात शेवटी खोलतात. आधी प्लग, मग पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी टोकं. टोकांमधला गॅप फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पट्टी, घालूनच बघायचा, डोळ्याने नाही. जळलेले पॉइंट आणि उतरलेला कंडेन्सर मिळून गाडी तापल्यावर अशी मिसिंग करतात की कुणीही शपथेवर सांगेल, पेट्रोल पोचत नाही. मग ठिणगीचं टायमिंग, बुलेट असेल तर टपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप. मग टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक बुजलं की गाडी थोडं अंतर छान पळते, मग हळूहळू दम सोडते. बाजूला घेऊन झाकण उघडलं की पुन्हा चालू. एवढ्याशा भोकापायी नवे कार्बोरेटर विकत घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत. पेट्रोलचा पाइप काढून बाटलीत धार कशी पडते ते बघायला मिनिटभर लागतं, तेही कुणी बघत नाही.

एवढं करून दोष उरला तर थ्रॉटल किती उघडल्यावर त्रास होतो ते विचारायचं. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन संथ चालू असताना, किंवा जरा उघडल्यावर असेल तर पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक पितळी भोक) आणि हवेचा स्क्रू. मधल्या टप्प्यात असेल तर निडल, म्हणजे आतली निमुळती दांडी, आणि ती ज्यात खालीवर होते तो निडल जेट. वर्षानुवर्षं घासून तो अंडाकृती होतो, डोळ्यांना दिसत नाही आणि गाडी पेट्रोल पीत राहते. पूर्ण थ्रॉटलला गाडी अडकत असेल तर मेन जेट किंवा फ्लोटची, म्हणजे बाउलमधलं पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची, लेव्हल. चोक दिल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी), बिघडली तर रिच (पेट्रोल जास्त). मिकुनी या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या कार्बोरेटरला हवेचा स्क्रू आत घेतला की मिश्रण रिच होतं, बाहेर काढला की लीन. पूर्ण बसवून दीड आटा मागे घ्यायचा आणि तिथून गाडी गरम असताना कानाने पुढे जायचं. निफाडकडची गाडी डिसेंबरच्या थंडीत सकाळी लीन वाटते, तिला उन्हाळ्यातल्या सेटिंगवरून दोष देऊ नये. थंड हवा दाट असते.

आणि जेटमध्ये सुई घालू नका. पितळ मऊ असतं. भोक एकदा मोठं झालं की जेटवर कोरलेल्या नंबराला अर्थ राहत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारा. नाहीच निघालं तर वायरमधला तांब्याचा एकच केस घाला.

हे काम या शिस्तीने करायला आम्हाला ओझरच्या काकांनी लावलं. काका एचएएलमध्ये फिटर होते, जिथे मिग-21 लढाऊ विमानं तयार व्हायची त्या कारखान्यात उभी हयात गेलेली. त्यांची जावा घेऊन ते पहिल्या वर्षीच आले आणि नंतर दुसऱ्या कुणाच्या हाताला ती गाडी त्यांनी लावू दिली नाही. एकदा ते आले तेव्हा स्टँडवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाची बुलेट होती. आयडल वरखाली होत होता, आणि आमचा पोरगा मिककार्ब कार्बोरेटरच्या फ्लँजला, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट बाजूला, चिकटवायचं सोल्युशन लावत होता.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"एअर घेतंय काका, पॅकिंगमधून."

"एअर घेतंय म्हणजे फ्लँज बसत नाहीये. चिकटवू नको, बसव."

पुढच्या खेपेला ते जाड काचेचा एक तुकडा घेऊन आले, कडा घासून गोल केलेल्या. त्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला आणि फ्लँज हलक्या हाताने आठाच्या आकड्यात फिरवला. उलटा करून दाखवला तर बोल्टच्या भोकांजवळचे दोन्ही कान चकचकीत झालेले आणि मधला भाग तसाच काळा. कुणीतरी कधीतरी बोल्ट जास्त आवळले होते. कान इंजिनाकडे वाकतात, मध्ये पोकळी राहते, तिथून हवा शिरते. कधी बॉडीही त्या ताणाने दबते आणि आतली स्लाइड, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर उचलला जाणारा भाग, अडकते. काकांनी मधला काळेपणा जाईपर्यंत घासलं, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट दोन्हीकडून आलटून पालटून थोडे थोडे आवळले. आयडल घड्याळासारखा लागला. ती काच आजही आमच्या बाकावर आहे, पेपर बदलत राहतो. गाडी रिस्टोर करणाऱ्या प्रत्येकाने असा काचेचा तुकडा जवळ ठेवावा, महागड्या टूलकिटच्या आधी.

आता त्या राजदूत 350 बद्दल, कारण तिच्यापायी हे दुकान बंद व्हायच्या बेतात आलं होतं.

एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये यामाहाची आरडी 350 राजदूत नावाने आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोन मिकुनी कार्बोरेटर. आमच्याकडे आलेल्या त्या गाडीची मूळ मिकुनींची जोडी शाबूत होती. ती आम्ही पूर्ण उघडून केली. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिलच्या दांड्या घालून केबल अशी लावली की दोन्ही एकाच क्षणी उचलल्या जाव्यात. ऑइल पंपाची खूण जुळवली. गाडी मालकाला पसंत पडली, बरेच दिवस मजेत पळाली.

पुढे मालकाने ती पेंटसाठी शहरातल्या एका नव्या दुकानात दिली. नाव घेत नाही. त्यांचं पेंट आणि क्रोम उत्तम असतं, त्यांच्या रंगाऱ्याचं काम आम्हालाही आवडतं. पण कार्बोरेटर म्हटलं की त्यांच्याकडे एकच इलाज : जुना काढा, कॉपी बसवा. त्यांनी तेच केलं, मालकाला न विचारता. नंतर कसारा घाटात गाडीचा डावा पिस्टन सीझ झाला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. आणि मालकाला सांगण्यात आलं की सातपूरवाल्यांनी जेट चुकीचे टाकले होते, म्हणून इंजिन गेलं.

आमचे जेट त्या गाडीत राहिलेच नव्हते.

ओरखडे पडलेल्या पिस्टनचा फोटो आमच्या दुकानाच्या नावासकट व्हॉट्सअॅपवर फिरला. रायडर मंडळींचे सगळे ग्रुप एकमेकांत गुंतलेले, एका संध्याकाळीत सगळीकडे गेला. ज्यांच्या गाड्या आमच्याकडे उघडलेल्या होत्या ते लोक पार्ट गोणीत भरून घेऊन गेले. ज्यांच्या लग्नाकार्याला आम्ही गेलो होतो त्यांनीसुद्धा फोन करून विचारलं नाही. गाळ्याचं भाडं थकलं. लेथ विकावी लागली, पोरांपैकी दोघे अंबडच्या कंपन्यांत गेले. ते दिवस आठवले की अजून राग येतो आणि तो लपवण्याचं मला कारण दिसत नाही.

ओझरचे काका स्वतः त्या मालकाच्या घरी गेले. म्हणाले, "गाडी सातपूरला आणा. तुमच्यासमोर तपासतील. मी उभा राहतो."

गाडी आली. इन्टेक आणि एग्झॉस्टला रबराचे बूच मारले, पंपाने पाच-सहा पीएसआय हवा भरली. गेजचा काटा बघता बघता खाली आला. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. डाव्या बाजूचं कव्हर काढून डायनॅमोच्या मागच्या, क्रँकच्या टोकाभोवतीच्या रबरी सीलवर ब्रश टेकवला आणि तिथे बुडबुडे फुगायला लागले. सील दगडासारखं कडक झालेलं. टू-स्ट्रोकला क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा कप्पा, हवाबंद लागतो. ते सील गेलं की गाडी तिथून फुकटची हवा ओढते, डावा सिलिंडर लीन होतो, तापतो आणि धरतो. लक्षण आधीपासून दिसतं : थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच उतरत नाही, आयडल आपोआप चढतो. त्या दुकानात आयडलचा स्क्रू मागे घेऊन ते झाकलं होतं. दोष आमच्या जेटचा नव्हता आणि खरं बोलायचं तर कॉपी कार्बोरेटरचाही नव्हता. कुणी कार्बोरेटरच्या पलीकडे बघितलंच नव्हतं.

मालकाने सगळं डोळ्यांनी पाहिलं, हात जोडले, आणि इंजिन आमच्याकडेच करायला दिलं. बुडबुड्यांचा फोटोही काढला. पण पिस्टनचा फोटो पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी तो ढकलला नाही. त्या दुकानाकडून एक शब्द आला नाही. मूळ मिकुनींची जोडी मागितली, तर सापडत नाही म्हणाले.

गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. लेथ पुन्हा घेतली, जुनीच, पण चांगली. मधल्या वर्षांत एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता हे काम येणारे हात कमी आहेत म्हणून दुरून गाड्या येतात. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढल्यापासून नवे दोष दिसतात : फ्लोट बाउलच्या तळाशी पाणी, जस्ताच्या बॉडीवर पांढरी भुकटी, फुगलेले रबरी पाइप. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाउल रिकामा करा, आणि पाइप इथेनॉल सोसणारेच घ्या.

जुना कार्बोरेटर तर फेकूच नका, कितीही जाम असला तरी गोणीत घालून आणा. केंद्राच्या 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये पडतात, आणि गाडी मूळ रूपात लागते. चकचकीत टाकीखाली परका कार्बोरेटर लटकत असेल तर त्याला रिस्टोरेशन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्या दुकानात पेंट झालेल्या गाड्या आता पेंटनंतर आमच्याकडे सेटिंगला येतात. त्यांचं बिल आम्ही वेगळं लावत नाही. गाडी आत घेताना कुठला कार्बोरेटर बसलेला आहे, जेटचे नंबर काय, सीलचं प्रेशर किती वेळ टिकलं, एवढं कागदावर लिहितो, खाली मालकाची सही घेतो आणि एक प्रत त्याला देतो.