स्ट्रासबुर्गमध्ये तहाच्या मागावर

स्ट्रासबुर्गला आलेला माणूस आधी कॅथीड्रलकडे वळतो. मी मात्र सकाळीच ए ट्राम धरून दक्षिणेला इल्किर्श गाठलं. आज ते शहराला चिकटलेलं शांत उपनगर आहे. ३० सप्टेंबर १६८१ रोजी इथेच स्ट्रासबुर्गने फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यापुढे शरणागतीच्या तहावर सह्या केल्या.

तोवर हे पवित्र रोमन साम्राज्यातलं, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या त्या जुन्या साम्राज्यातलं, मुक्त शहर होतं. वर फक्त सम्राट. कारभार शहराच्या स्वतःच्या नगरसभेचा. मग न लढता दरवाजे का उघडले? ऱ्हाइनवरच्या पुलामुळे. आधीच्या युद्धात सम्राटाच्या फौजा याच पुलावरून आल्सासमध्ये, म्हणजे शहराभोवतालच्या प्रदेशात, उतरल्या होत्या, म्हणून लुईला तो हवाच होता. २७ सप्टेंबरच्या रात्री फ्रेंचांनी पुलाजवळची गढी घेतली आणि पलीकडून मदत येण्याची वाटच बंद झाली. बाहेर सुमारे तीस हजारांची फौज, आत मूठभर शिबंदी. त्या नगरसभेला मला भेकड म्हणवत नाही. लढाई सोडली तरी कलमांसाठी ती अडून बसली.

शस्त्रागार आणि तोफा राजाला गेल्या, पण नगरसभा, विद्यापीठ, जुने हक्क आणि ल्यूथरपंथीयांची, म्हणजे इथल्या प्रोटेस्टंटांची, उपासना राहिली. कॅथीड्रल तेवढं कॅथलिकांना परत द्यावं लागलं.

दुपारी त्या कॅथीड्रलसमोर उभी राहिले. गुलाबी वालुकाश्म, १४२ मीटरचा एकच मनोरा. एवढी वास्तू हातची जाताना गावकऱ्यांच्या पोटात काय तुटलं असेल, हे मान वर करून पाहिल्यावरच कळतं.

मग सेंट थॉमस चर्च. हे ल्यूथरपंथीयांकडेच राहिलं, आजही आहे. १६८५मध्ये लुईने उरलेल्या फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचं उपासनास्वातंत्र्य काढून घेतलं, पण इथे तहाचा शब्द टिकला. इतका, की पंधराव्या लुईचा विजयी सेनापती मॉरिस द साक्स ल्यूथरपंथीय, म्हणून त्याला पॅरिसमध्ये राजकीय इतमामाने पुरता येईना. शेवटी त्याला इथे आणलं. वेदीच्या जागी पिगालने घडवलेलं त्याचं संगमरवरी स्मारक आहे. मृत्यू शवपेटीचं झाकण उघडून उभा आहे, सेनापती ताठ मानेने पायऱ्या उतरतो आहे, आणि फ्रान्सच्या रूपातली स्त्री त्याला मागे ओढते आहे.

चर्च बंद व्हायची वेळ होईपर्यंत मी त्या पायऱ्यांसमोरच बसून होते.